विकिपीडियावरील लेखात संदर्भ आणि तळटीपा कशा द्याव्यात?

प्रश्न असा आहे : मराठी विकिपीडियावर एका किल्ल्याविषयी मोठा लेख लिहून झाला आहे आणि ग्रंथही हाताशी आहेत. परंतु एकच ग्रंथ दहा ठिकाणी वापरला असेल तर त्याचा तपशील दहा वेळा लिहावा का, स्पष्टीकरणाच्या टिपा आणि संदर्भ एकाच यादीत ठेवावेत का, जुन्या कागदांतील शके आणि इसवी सन यांचा मेळ टिपेत कसा दाखवावा, आणि लेखाच्या तळाशी उमटणारे लाल अक्षरांतील दोष कसे दूर करावेत?

उत्तरांआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना तिच्यातूनच निघतात. छापील ग्रंथातील तळटीप एकदा छापली गेली की तिची जागा बदलत नाही. तिच्या आधी कोणती टीप आहे आणि नंतर कोणती, हे कायमचे ठरलेले असते. विकिपीडियावरील लेखाचे तसे नाही. उद्या दुसरा संपादक दोन परिच्छेदांच्या मध्ये तिसरा घालेल, कोणी एखादे वाक्य उचलून दुसऱ्या विभागात नेईल, कोणी अर्धा मजकूर काढून त्याचा स्वतंत्र लेख करील. म्हणून येथील प्रत्येक संदर्भ असा लिहिला पाहिजे की तो शेजारच्या टिपेवर अवलंबून राहणार नाही, आणि आपल्याला न ओळखणारा वाचक पाच वर्षांनंतरही त्याच्या आधारे नेमक्या पानापर्यंत पोहोचू शकेल. स्वल्पविराम कोठे द्यावा आणि शीर्षक तिरके करावे की नाही, हे त्यानंतरचे प्रश्न आहेत.

यातून पहिली सूचना निघते ती ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या टिपेतील ग्रंथातच) आणि ‘उपरोक्त’ (म्हणजे वर सांगितलेला) यांविषयी. मराठी संशोधनपर ग्रंथांत हे शब्द सर्रास वापरले जातात आणि तेथे ते योग्यच आहेत. ऑनलाइन लेखात मात्र ते अजिबात वापरू नयेत. आपण सातव्या टिपेत ‘तत्रैव, पृ. ४२’ असे लिहिले आणि सहाव्या व सातव्या टिपेच्या मध्ये कोणी एखाद्या बातमीचा संदर्भ घातला, तर वाचकाला पृष्ठ ४२ त्या बातमीचे वाटेल, आणि हा घोटाळा कोणत्याही लाल अक्षरांत दिसणार नाही. त्याच कारणाने मजकुरात ‘वरील तीन क्रमांकाची टीप पहा’ असेही लिहू नये. टिपांचे क्रमांक ‘रेफ’ (ref) या टॅगमधून, म्हणजे लेखाच्या स्रोतात टिपेचा मजकूर ज्या खुणेत लिहितात तिच्यातून, आपोआप पडतात आणि प्रत्येक संपादनानंतर ते बदलू शकतात.

मग एकच ग्रंथ दहा ठिकाणी वापरायचा असेल तर काय करावे? येथे दोन परिस्थिती वेगळ्या ओळखाव्यात. दहाही ठिकाणी नेमके तेच पृष्ठ किंवा तोच छोटा लेख आधार म्हणून असेल, तर ‘रेफ’ टॅगला ‘नेम’ (name) या गुणधर्माने नाव द्यावे, पहिल्या ठिकाणी संपूर्ण तपशील लिहावा आणि पुढे फक्त त्या नावाचा टॅग ठेवावा. नाव देवनागरीत दिले तरी चालते. मात्र ते नुसते अंक असू नये आणि त्यात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत लिहावे. यथादृश्य संपादक (व्हिज्युअल एडिटर, म्हणजे स्रोत न उघडता लेख जसा दिसतो तसाच संपादित करण्याची सोय) वापरल्यास तो स्वतःच विसर्गासारखी दोन टिंबे आणि शून्य, मग दोन टिंबे आणि एक, अशी नावे देतो. ती चालतात, परंतु त्यांवरून कोणालाही काही कळत नाही, आणि एका लेखातील परिच्छेद दुसऱ्या लेखात नेला की तीच नावे तेथल्या नावांशी जुळून भलताच ग्रंथ भलत्या वाक्याला चिकटतो. ‘राजवाडे खंड १’ यासारखे अर्थपूर्ण नाव देण्याचे कष्ट घ्यावेत.

दहा ठिकाणी ग्रंथ एकच पण पृष्ठे वेगवेगळी असतील, तर नाव देण्याची ही पद्धत अपुरी पडते. अनेक लेखांत ‘पृ. १२, ४५, ८८-९३, २१०’ अशी सगळी पृष्ठे एकाच टिपेत कोंबलेली दिसतात. तोफेविषयीच्या वाक्याचा आधार पृष्ठ १२ वर आहे की २१० वर, हे वाचकाला त्यातून समजत नाही, म्हणजे संदर्भ देण्याचा हेतूच निष्फळ होतो. अशा वेळी लेखाच्या शेवटी ‘संदर्भग्रंथ’ असा विभाग करून तेथे ग्रंथाचा पूर्ण तपशील एकदाच द्यावा, आणि मजकुरातील टिपांमध्ये लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठ एवढीच संक्षिप्त टीप ठेवावी. ‘तत्रैव’ आणि अशी संक्षिप्त टीप यांत मोठे अंतर आहे, कारण आडनाव आणि वर्ष ही माहिती टीप कोठेही हलवली तरी तिच्यासोबत जाते. दोन-चार संदर्भांच्या छोट्या लेखाला ही व्यवस्था जड होते. किल्ल्याचा सविस्तर लेख बहुधा तीन-चार मोठ्या ग्रंथांवर उभा असतो, आणि तेथे मी तिचाच आग्रह धरीन.

आता तपशिलात काय लिहावे ते पाहू. लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठ हे सर्वांना ठाऊक असते. दुर्लक्ष होते ते आवृत्तीकडे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. आज जी पुनर्मुद्रणे मिळतात ती मुख्यतः या दुसऱ्या आवृत्तीची आहेत. नुसते ‘मोल्सवर्थ’ आणि पृष्ठक्रमांक लिहिला, तर वाचक पहिली आवृत्ती उघडून बसेल आणि आपण खोटा संदर्भ दिला असे त्याला वाटेल. म्हणून आवृत्ती कितवी आणि पुनर्मुद्रण कोणत्या वर्षीचे, हे दोन्ही वेगवेगळे लिहावे. आवृत्ती बदलली की मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात तो सहसा बदलत नाही, आणि वाचकाला नेमका हाच फरक हवा असतो.

किल्ल्याविषयी लिहिताना बॉम्बे प्रेसिडेन्सीचे जुने गॅझेटिअर हाताशी येतेच. त्याचा पुणे जिल्ह्याचा खंड अठरावा आहे. तो तीन भागांत १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गावे, किल्ले व इतर स्थळे यांची माहिती तिसऱ्या भागात आहे. सिंहगडाच्या लेखात ‘पुणे गॅझेटिअर’ एवढेच लिहिले तर वाचकाला तीन जाडजूड भाग चाळावे लागतील, शिवाय स्वातंत्र्योत्तर काळातील जिल्हा गॅझेटिअर वेगळे आहेच. खंड, भाग, वर्ष आणि पृष्ठ या चारही गोष्टी द्याव्यात. ग्रंथ इंग्रजी असेल तर त्याचे शीर्षक टिपेत रोमन लिपीतच ठेवावे, असे माझे मत आहे. ग्रंथालयाच्या सूचीत किंवा शोधयंत्रात वाचक ते त्याच लिपीत शोधणार असतो, आणि देवनागरीत लिप्यंतर केलेल्या शीर्षकावरून मूळ स्पेलिंग ओळखणे त्याच्यावर सोपवणे योग्य नाही.

काही ग्रंथांत पृष्ठापेक्षा अधिक टिकाऊ असा क्रमांक असतो. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रत्येक पत्राला लेखांक आहे. येथे खंड आणि लेखांक द्यावा, पृष्ठ जोडीला दिले तर उत्तमच. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी द्यावी, तुकारामांच्या गाथेसाठी अभंगक्रमांक द्यावा; मात्र वेगवेगळ्या गाथांत एकाच अभंगाचा क्रमांक वेगळा असतो आणि ज्ञानेश्वरीच्या प्रतींतही ओव्यांची संख्या सर्वत्र सारखी नाही, म्हणून संपादक आणि प्रकाशनवर्ष सांगितल्याशिवाय तो क्रमांक निरुपयोगी ठरतो. मराठी विश्वकोशातील नोंदींच्या शेवटी नोंदलेखकाचे नाव असते, त्यामुळे संदर्भात नोंदलेखक, नोंदीचे शीर्षक आणि खंड असा क्रम ठेवावा. ‘मराठी विश्वकोश’ एवढेच लिहून थांबू नये. विश्वकोश आता संकेतस्थळावरही वाचता येतो आणि तेथे छापील पृष्ठे दिसत नाहीत, म्हणून नोंदीचे शीर्षक हाच तेथला पत्ता समजावा.

स्कॅन केलेली जुनी पुस्तके वाचताना दोन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते. स्कॅन दाखवणाऱ्या प्रणालीच्या पट्टीवर दिसणारा पृष्ठक्रमांक आणि पानावर छापलेला क्रमांक हे क्वचितच जुळतात, कारण मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका पट्टीवर मोजल्या जातात. टिपेत नेहमी छापलेला क्रमांक लिहावा. दुसरे असे की अशा संग्रहांच्या सूचीत ग्रंथाचे नाव, लेखक किंवा वर्ष चुकीचे नोंदवलेले पुष्कळदा आढळते. सूचीवरून तपशील उतरवू नये, स्कॅनमधील शीर्षकपान उघडून तेथूनच घ्यावा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असेल तर तो आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावा, कारण ग्रंथालयांच्या शोधयंत्रांत तो तसाच टाकावा लागतो. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला. त्यापूर्वी तो दहा अंकी होता आणि भारतातील जुन्या दहा अंकी क्रमांकांची सुरुवात बहुधा ८१ ने होते. १९७० पूर्वीच्या ग्रंथाला तो नसणारच. पुनर्मुद्रणावर छापलेला क्रमांक मूळ आवृत्तीच्या वर्षाशी जोडून देऊ नये.

लेखकाच्या नावाबाबत साच्यांमुळे, म्हणजे संदर्भाचा तपशील भरण्याच्या तयार नमुन्यांमुळे, एक अडचण उभी राहते. साच्यात आडनाव आणि नाव यांसाठी वेगवेगळ्या जागा असतात आणि यादीत ते ‘राजवाडे, वि. का.’ असे उमटते. हे आपल्या ग्रंथालयीन पद्धतीशी जुळते. परंतु कुसुमाग्रज किंवा केशवसुत यांचे असे दोन तुकडे करता येत नाहीत. टोपणनाव, संतांचे नाव किंवा संस्थेचे नाव असेल तर ते लेखकाच्या एकाच जागेत अखंड लिहावे. शीर्षकपानावर जे नाव छापले आहे तेच टिपेत असावे. खरे नाव सांगणे आवश्यक वाटले तर ते चौकोनी कंसात द्यावे.

आता स्पष्टीकरणाच्या टिपा. त्या संदर्भांपासून वेगळ्या ठेवाव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘ग्रुप’ (group) या गुणधर्माने त्यांचा स्वतंत्र गट करता येतो. गटाचे नाव ‘टीप’ ठेवले तर मजकुरात ‘टीप १’ असा क्रमांक दिसतो आणि वाचकाला क्लिक करण्यापूर्वीच कळते की तेथे ग्रंथाचे नाव नसून काही खुलासा आहे. मात्र त्या गटाची यादीही वेगळी लावावी लागते. ‘नोंदी’ या मथळ्याखाली त्याच गटाची यादी आणि ‘संदर्भ’ या मथळ्याखाली संदर्भयादीचा साचा, अशी मांडणी सोयीची पडते. खुलाशाच्या टिपेलाही आधार लागतो. पण एका ‘रेफ’ टॅगच्या पोटात दुसरा ‘रेफ’ टॅग सरळ बसत नाही, त्यासाठी टिपांचा साचा वापरावा.

ऐतिहासिक लेखात अशा खुलाशाची गरज सर्वांत अधिक पडते ती तिथींसाठी, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. शके आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचे अंतर आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण ते वर्षभर सारखे राहत नाही. शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारी उजाडल्यावर येणाऱ्या तिथींसाठी, म्हणजे साधारणतः पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला, तेथे ७८ मिळवून १६७४ मिळते. सिंहगडाची लढाई माघ वद्य नवमी, शके १५९१ रोजी झाली. तेथे ७८ मिळवले तर १६६९ येईल आणि ते चूक ठरेल. योग्य तारीख ४ फेब्रुवारी १६७० आहे. त्यातच तत्कालीन इंग्रजी कागदांत वर्षारंभ २५ मार्चला धरला जात असे, म्हणून फेब्रुवारी १६७० मधील इंग्रजांच्या पत्रावर १६६९ किंवा १६६९/७० असे वर्ष आढळते. आज वापरात असलेली ग्रेगोरियन दिनदर्शिका आणि १ जानेवारीचा वर्षारंभ ब्रिटनमध्ये १७५२ साली रूढ झाले. तोपर्यंतच्या इंग्रजी तारखा ज्युलियन, म्हणजे त्याआधीच्या दिनदर्शिकेप्रमाणे, आहेत आणि सतराव्या शतकात त्या ग्रेगोरियन तारखांपेक्षा दहा दिवस मागे होत्या. पेशवेकालीन कागदांत सुहूर सन ही आणखी एक कालगणना येते, इसवी सनासाठी त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

हे सगळे मजकुरात लिहिले तर वाचक लढाई विसरून कालगणनेत अडकेल. म्हणून मजकुरात एकच तारीख ठेवावी आणि खुलाशाच्या टिपेत मूळ तिथी जशी साधनात आहे तशी, तिचे रूपांतर आणि दिनदर्शिकेचे नाव द्यावे. शिवजन्माच्या तारखेचे उदाहरण पाहा. जेधे शकावलीत (जेधे घराण्याच्या दप्तरातील शकवार घटनांच्या नोंदींत) फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथी आहे, ती ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० आणि ग्रेगोरियन दिनदर्शिकेप्रमाणे १ मार्च १६३० येते. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ हीही तिथी मानली जात असे. महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी हीच तारीख मानते. या तीन वाक्यांची एक नेटकी टीप आणि प्रत्येक विधानाला स्वतंत्र संदर्भ असेल, तर लेखात दर महिन्याला होणारी तारखेची ओढाताण पुष्कळ कमी होते. मूळ तिथी न देता केवळ रूपांतरित तारीख देणे हा मी गंभीर दोष मानतो, कारण रूपांतर करणारा चुकला असेल तर ती चूक तपासण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो.

टिपेचा क्रमांक कोठे ठेवावा? विरामचिन्हानंतर, मध्ये मोकळी जागा न सोडता. पूर्णविरामानंतरचा क्रमांक त्या संपूर्ण वाक्याचा आधार सांगतो, आणि वाक्यातील एकाच आकड्याला किंवा नावाला तो लागू असेल तर त्या शब्दाला लागूनच द्यावा. परिच्छेदाच्या अखेरीस एकच टीप ठेवून संपूर्ण परिच्छेद तिच्या भरवशावर सोडण्याची सवय चांगली नाही. कोणी मध्ये निराधार वाक्य घातले की तेही त्याच ग्रंथाच्या नावावर खपते.

संकेतस्थळांच्या संदर्भांत दुवा हा सर्वांत नाजूक भाग असतो. शीर्षक, प्रकाशन, दिनांक आणि पाहिल्याची तारीख लिहिली असेल तर दुवा मेला तरी संदर्भ जिवंत राहतो, नुसता दुवा असेल तर काहीच उरत नाही. देवनागरी शब्द असलेला पत्ता चिकटवताना एकेका अक्षरचिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होतात आणि स्रोतातील ओळ वाचता येईनाशी होते, म्हणून असा पत्ता कधीही उघडा ठेवू नये, साच्यात घालावा. यथादृश्य संपादकात दुवा दिला की तपशील आपोआप भरला जातो; त्यावर विसंबू नये. बातमीच्या शीर्षकाला संकेतस्थळाचे नाव चिकटलेले असते, लेखकाच्या जागी कार्यालयाचे नाव येते आणि कधी कधी बातमीच्या दिनांकाऐवजी पान अद्ययावत झाल्याचा दिनांक पडतो. छापील वृत्तपत्र वापरले असेल तर दिनांकासोबत आवृत्तीचे शहर लिहावे, कारण पुणे आणि नागपूर आवृत्तींत तीच बातमी वेगळ्या पानावर असते किंवा मुळीच नसते. शासन निर्णयासाठी विभाग, निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि सांकेतांक द्यावा, शासनाच्या मुख्य पानाचा दुवा देऊन कोणाचेही काम होत नाही. शक्य असेल तेथे पानाची प्रत वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात) जतन करून तिचा दुवा आणि जतन केल्याचा दिनांक संदर्भ लिहितानाच घालावा. दुवा तुटल्यावर जुनी प्रत सापडेलच असे नसते.

लाल अक्षरांतील दोष बहुतेक वेळा तीन-चार कारणांनीच येतात. नाव दिलेल्या संदर्भाचा पूर्ण तपशील असलेला परिच्छेद कोणी काढून टाकला की बाकीचे टॅग पोरके होतात. अशा वेळी ‘इतिहास पहा’ मध्ये जाऊन जुन्या आवृत्तीतून तो तपशील आणावा. टॅग पुसून दोष ‘घालवू’ नये, कारण त्यामुळे आधार असलेले विधान निराधार होते. सर्व पूर्ण तपशील लेखाच्या तळाशी संदर्भयादीच्या आत ठेवून मजकुरात फक्त नावे ठेवली तर हा धोका टळतो. मात्र मजकुरात कोठेही न वापरलेला संदर्भ यादीत राहिला तर त्याचाही दोष दाखवला जातो. एकाच नावाला दोन ठिकाणी वेगळा तपशील असला, किंवा एखाद्या गटाची यादी लावायची राहिली, तरीही दोष उमटतो. फक्त एक विभाग संपादित करताना झलक पाहिली आणि दोष दिसला, तर घाई न करता संपूर्ण लेखाची झलक पाहावी. तपशील दुसऱ्या विभागात असू शकतो.

इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर करताना हे पोरके टॅग हमखास येतात, कारण भाषांतर लेखाच्या एका तुकड्याचे होते आणि तपशील दुसऱ्या तुकड्यात राहतो. तांत्रिक दुरुस्ती सोपी आहे, परंतु तेथे त्याहून मोठा प्रश्न आहे. जो ग्रंथ आपण उघडलेला नाही तो आपल्या लेखात स्वतःच्या वाचनाचा म्हणून देऊ नये. मूळ ग्रंथ मिळत असेल तर ते पान पाहावे आणि मगच टीप ठेवावी. मिळत नसेल आणि दुसऱ्या अभ्यासकाच्या पुस्तकात तो उद्धृत केलेला असेल, तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहून आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या पुस्तकाचे पृष्ठ द्यावे. दोन्ही शक्य नसेल तर ‘संदर्भ हवा’ हा साचा लावावा आणि लेखाच्या चर्चापानावर कोणते विधान कोठे तपासायचे राहिले आहे ते लिहून ठेवावे, म्हणजे ज्याच्या गावच्या ग्रंथालयात तो ग्रंथ असेल असा एखादा संपादक ते काम पुढे नेऊ शकेल.